नागिणीची गोळी

येरमाळ्यात हायवेला मेडिकल टाकलं की औषधांपेक्षा किस्सेच जास्त साठतात! त्यात नागिणीची गोळी म्हणजे बघायलाच नको. नागीण म्हणजे अंगावर उठणारा फोडांचा पट्टा, नुसती आग आग! गोळी व्हायरसवरची. फोड दिसले की लगेच सुरू करायची, दिवसातून पाच वेळा, वर भरपूर पाणी. एवढं सांगता सांगता माझा जीव जातो.

*

एक दादा गोळ्यांचे दिवस संपायच्या आधीच परत आले. "मॅडम, अजून द्या."

"फोड वाढले का?"

"फोड गेले की! उरलेल्या गोळ्या फवाऱ्यात टाकल्या. पपईवर बी व्हायरसच हाय न्हवं?"

मी डोकं धरलं. तर म्हणतात, "पाणी कमी पडलं असंल का?"

*

एका काकूंना विचारलं, "किडनीचा त्रास आहे का? असला तर डॉक्टर डोस बदलतात."

"मला न्हाय, ह्यांना हाय."

"मग गोळी कुणाला?"

"ह्यांनाच! पण फोड छातीवर हायेत. किडनीचं कशाला काढता?"

काकूंना थांबवलं अन् डॉक्टरांना फोन लावला.

*

अन् आमची आत्या! तिच्या कपाळावर नागीण उठली, पार डोळ्यापर्यंत. डॉक्टर म्हणाले, उशीर केला तर डोळा जाईल. आत्या म्हणे, "आधी ईट गावात नागीण उतरवणाऱ्या मामाकडून गेरू लावून मंतर घालून घ्यायचा. गोळीबिळी मग!"

मी ओरडले, हातापाया पडले. न्हाय म्हणजे न्हाय! शेवटी गोळ्या पर्समध्ये टाकून तिला स्कूटीवर ईटला नेलं. रस्ताभर आरशात तिचा सुजलेला डोळाच बघत होते.

मामांनी गेरू कालवला, कपाळ बघितलं अन् हात आवरला. "माझ्या आईचा डोळा असाच गेला. आधी गोळी गिळा. गोळी पोटात असल्याबिगर माझा मंतर बसत न्हाय."

आत्यानं मुकाट्यानं गिळली! वर तांब्याभर पाणी प्याली. मला इतका राग आला अन् इतकं बरं वाटलं, की मी तिथंच रडायला लागले.

डोळा वाचला. पण आत्या गावभर सांगत सुटली, "ती गोळी मामासमोरच गिळायची, तरच लागू पडती!"

परवा तिची शेजारीण धापा टाकत दुकानात आली. एका हातात डॉक्टरांची चिठ्ठी, दुसऱ्या हातात मोबाईल.

"ताई, ईटची गाडी हुकली. मामाला व्हिडिओ कॉल लावलाय, त्यांच्यासमोर हितंच गिळते. पण मधीच रेंज गेली, तर दुसरी गिळू का?"