सलीमभाईंना दिलेलं उत्तर

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला माझ्या गोळ्यांचं ठाऊक आहे — सलीमभाईंचं नाही.

मी अकोल्यात डॉक्टर आहे, ताप-खोकला-शुगर पाहणारा. काही वर्षांपूर्वी माझं मन असं बसलं, की पेशंट बोलायचा आणि मला नुसते त्याचे ओठ हलताना दिसायचे. अमरावतीच्या एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे जाऊ लागलो. अकोल्यात का नाही? — कुणी पाहिलं असतं! दवाखान्यात सांगायचो, चर्चासत्र आहे. बाईंनी मला डॉक्टर म्हणून वागवलंच नाही. "झोप लागते का? जेवण जातं का?" एवढंच विचारलं, आणि मी रडू लागलो तेव्हा माझं रडणं संपेपर्यंत गप्प बसल्या. त्या गप्प बसण्यानं मी वाचलो, असं अजून वाटतं.

मी सावरत होतो, तेव्हाच सलीमभाई आले. शेरवान्या शिवणारे, बोलके; माझ्या लग्नाचा कोटही त्यांचाच. आता हातात कात्री धरवत नव्हती. दोन महिने दुकान बंद. तपासण्या सगळ्या साफ. दुखणं कसलं, ते मी ओळखलं — मी नाही तर कोण ओळखणार? बाईंचा पत्ता लिहून दिला.

चिठ्ठीकडे पाहत ते म्हणाले, "साहेब, खरं सांगा. तुमच्यावर आली असती, तं तुमी गेले असते काय तिकडं?"

शेजारी कंपाउंडर उभा होता. म्हणून मी — नाही, त्याच्यावर कशाला ढकलू?

"मला कशाला लागेल हो ते!" मी म्हणालो. हसलोसुद्धा.

सलीमभाईंनी चिठ्ठीची घडी घातली आणि माझ्याच टेबलावर ठेवली. दीड वर्ष ते गेले नाहीत. दुकान गेलं. मुलीच्या निकाहाच्या दिवशी ते आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून होते. शेवटी शबानाभाभींनी, त्यांच्या बायकोनं, हट्टानं अमरावतीला नेलं.

मग मला बाईंचा फोन आला — नवी गोळी द्यायच्या आधी सलीमभाईंची शुगर कशी असते, हे विचारायला. एवढी चौकशी कोण करतं? माझ्या दुखण्याबद्दल त्यांनी एक अक्षर काढलं नाही. आणि मी? त्या चिठ्ठीबद्दल मीही नाही.

परवा सलीमभाई आले होते. घरीच मशीन टाकलीय, दोन शेरवान्यांचं काम आहे म्हणाले.

"बाई लय चांगल्या हायत, साहेब. घाई नाई करत. मले पागल नाई समजल्या. शबानाले बी बसवून समजावलं." मग खुर्ची पुढं ओढून, आवाज बारीक करून म्हणाले, "तुमाले कधी तसं वाटलं, तं जा. लाजू नोका. मी येतो ना संगं."

"जाईन," मी म्हणालो.

त्याच्या आदल्या मंगळवारीच मी जाऊन आलो होतो.