सातच्या आधीची वेळ

आम्ही बौद्ध झालो त्यानंतर दोन-तीन वर्षांनी मला अकोल्याच्या एका जिनिंग फॅक्टरीत इंजिनाची नोंदवही लिहायचं काम मिळालं.

इंजिनघरातलं घड्याळ विजेवरचं. संध्याकाळी इंजिन थांबलं की तेही थांबायचं. सकाळी इंजिन सुरू होऊन वीज आली की फोरमन रेल्वे स्टेशनवर फोन करून वेळ विचारायचा आणि काटे लावायचा. पण तेल देणं, इंजिन सुरू करणं, जिनिंगची यंत्रं फिरवणारे पट्टे इंजिनावर चढवणं ही नाजूक कामं त्याआधीच व्हायची. वहीत त्या सगळ्यांपुढे एकच वेळ असायची : सात.

मी घरचं गजराचं घड्याळ आणलं. ते पुढे पळायचं. म्हणून भिंतीवरचं घड्याळ लागलं की दोन्हींतला फरक काढायचा आणि आधीच्या प्रत्येक नोंदीशेजारी खरी वेळ लिहायची, असं सुरू केलं. खोडाखोड कुठेच नाही.

"काहून रे, वही हाय का पंचांग?" फोरमन म्हणाला. "सात लिही."

"जवा झालं तवाचंच लिहीन, साहेब."

एके सकाळी इंजिनाचं बेअरिंग जळालं. फोरमनने इंजिनाला तेल देणाऱ्या म्हाताऱ्या तेलवाल्यावर ढकललं. म्हणे, म्हाताऱ्याने तेलच उशिरा दिलं. जेवताना माझ्याशेजारी बसणारा तो एकटाच माणूस होता. मालकांनी त्याला काढायचं ठरवलं. मी न बोलावता वही आणि गजराचं घड्याळ घेऊन मालकांच्या खोलीत गेलो; फोरमन आणि म्हातारा तिथेच होते.

तेल सहा एकेचाळीस. इंजिन सुरू सहा शेहेचाळीस. पट्टे सहा पन्नास. सुरू झाल्यावर इंजिन पंधरा मिनिटं बिनभाराचं, रिकामं चालवायचा नियम, आणि पट्टे चढवायला फोरमनने चारच मिनिटांत सांगितलं होतं.

"याच्या घरच्या घड्याळाचा काय भरोसा?" फोरमन उसळला.

"ते पुढं पळते, मालक. पण त्याचे चार मिनिटं चारच असतात. मोजून पाहा."

मालकांनी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या घड्याळाशेजारी ठेवलं. आम्ही चौघं चार मिनिटं तिथेच उभे होतो. म्हातारा जमिनीकडे पाहत होता. दोन्ही घड्याळांचे मिनिटकाटे बरोबर चार घरं सरकले.

म्हातारा कामावर राहिला. फोरमनही राहिला. मला मात्र वहीवरून काढून कापसाच्या आवारात पाठवलं.

"काहून?" मी फोरमनला विचारलं.

"तुले लय दिसते."

मी नोकरी सोडली नाही. माझ्या जागी आलेल्या कारकुनाला जेवणाच्या सुटीत फरक काढायची रीत शिकवायला बसलो. फोरमन दारात येऊन उभा राहिला. कारकून वही मिटायला लागला, तेव्हा मी ती पुन्हा उघडली आणि सगळं पहिल्यापासून, जरा मोठ्या आवाजात सांगितलं.