सिनेमा संपल्यावरचं गाव

नोराकाकूंकडे सिनेमा बघायला बसलं की चहा एका ठरावीक जागीच मिळायचा. आयर्लंडच्या स्वातंत्र्ययुद्धावरचा कोणताही सिनेमा घ्या, त्यात एक प्रसंग असतोच. डोंगरात लपलेल्या क्रांतिकारकांना कळतं की गावातल्याच कोणीतरी पोलिसांना खबर दिली. मग त्या माणसाला धरून माळावर नेतात. बरोबर इथे काकू उठायच्या. "चहा कोणाला?" असं विचारायच्या आणि उत्तराची वाट न बघता स्वयंपाकघरात जायच्या. गोळीचा आवाज होऊन गेला की ट्रे घेऊन बाहेर. बरेच दिवस मला वाटत होतं की त्यांना रक्त बघवत नसावं. पण ज्या बाईने उमेदीची सगळी वर्षं हॉस्पिटलात नर्स म्हणून काढली, तिला रक्ताचं काय?

आमची ओळख लिफ्टमध्ये झाली. आम्ही नुकतेच सिंगापूरच्या आंग मो किओ भागातल्या त्या ब्लॉकमध्ये राहायला आलो होतो आणि मी माझ्या लेकीला, सानिकाला, शाळेचा डबा तसाच परत आणल्याबद्दल फैलावर घेत होते. शेजारी एक उंच, गोरी, पांढऱ्या केसांची म्हातारी भाजीची पिशवी घेऊन उभी होती. परकी बाई, तिला काय कळतंय, म्हणून मी आवाजही कमी केला नव्हता. आमचा मजला आला तशी ती म्हणाली, "लिफ्टमध्ये ओरडू नये ग. हितं आवाज घुमतो, तिच्या डोक्यात नुसता आवाजच राहील, डबा नाही राहायचा." सानिकाने लगेच तिचा हात धरला. "आंटी, यू स्पीक मराठी? सो चिम, लाह!" 'चिम' म्हणजे इथल्या बोलीत खोल, अगाध.

पुढे कळलं ते असं. आयर्लंडमधल्या कॉर्कजवळच्या एका खेड्यातली ही मुलगी नर्सिंग शिकायला लंडनला आली आणि तिथे शिकत असलेल्या वसंत कुलकर्णींशी लग्न करून थेट सांगलीला आली. सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं, हिला मराठी. "मग काय, भांडायचं असलं तरी भाषा लागतीच की," काकू म्हणायच्या. सासूबाईंच्या हाताखाली पंधरा-वीस वर्षं काढल्यावर काकांना इथल्या जहाजांच्या कारखान्यात नोकरी लागली आणि कुटुंब सिंगापूरला आलं. काका गेले, मुलगा अरुण पर्थला स्थायिक झाला, काकू राहिल्या. मराठी अस्सल सांगलीची, फक्त व्याकरणातल्या लिंगांशी त्यांचं कधी जमलं नाही. "माझा बस गेला," म्हणायच्या. इथल्या चिनी बोलीत 'आंग मो' म्हणजे तांबड्या केसांचा, म्हणजे गोरा माणूस. खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, कॉफी विकणारे अंकल त्यांना 'आंग मो आंटी'च म्हणत. "अख्ख्या गावाला माझं नाव दिलंय बघ," हे त्या दर नव्या पाहुण्याला सांगायच्या आणि स्वतःच आधी हसायच्या.

आयर्लंडवरचे सिनेमे त्यांनी एकूण एक पाहिले होते. मला त्या विषयातलं काही माहीत नव्हतं. जे कळलं ते शनिवारी दुपारी त्यांच्या सोफ्यावर बसून. सिनेमा चालू असताना त्या गप्प बसायच्या नाहीत. "हे बघ, एवढं हिरवं नसतं. करडं असतं ते सगळं, चिखलाचं," असं सुरू व्हायचं. इंग्रज शिपाई दिसला की, "आला बघ. आता हा दार लाथेनं उघडणार. कडी काढायला कोणी शिकवलेलंच नसतंय ह्यांना." शाल पांघरून दारात उभ्या असलेल्या बायका दिसल्या की मात्र त्या खरंच चिडायच्या. "आमची आजी नुसती उभी राहिलेली मी आयुष्यात बघितली नाही. त्या बायका निरोप पोचवत होत्या, बंदुका लपवत होत्या. ह्यांना त्या फक्त रडायला लागतात."

डब्लिनच्या पोस्टात बंडवाले शिरले तो ईस्टरचा उठाव आला, आणि मागे व्हायोलिन वाजायला लागलं, की म्हणायच्या, "खऱ्यात तेव्हा लोक दुकानं फोडून बूट पळवत होते. आणि बंडवाल्यांना पकडून नेलं तेव्हा त्यांच्यावर ओरडत होते. मग इंग्रजांनी त्यांच्या पुढाऱ्यांना गोळ्या घातल्या. तेव्हा ते आमचे झाले."

मी एकदा विचारलं, "काकू, इतक्या चुका दिसतात तर बघता कशाला?"

"शोधतीय एकाला," त्या म्हणाल्या, आणि सिनेमाचा आवाज वाढवला.

तो कोण, हे कळलं मराठी मंडळाच्या कार्यक्रमात. आमच्या मंडळात जोगळेकर म्हणून एक गृहस्थ होते. तांजोंग पगारला बँकेत मोठ्या हुद्द्यावर, आणि इतिहासाचं अतोनात वेड. 'देशोदेशींचे स्वातंत्र्यलढे' अशी सिनेमांची मालिका त्यांनी ठरवली आणि आयर्लंडच्या रविवारी काकूंनी दोन शब्द बोलावेत अशी गळ घातली. कम्युनिटी क्लबची खोली भरली होती. काकू निळी नारायणपेठ नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि बोलणं सिनेमानंतर होतं. तो प्रसंग आला. माळ, धुकं, हात बांधलेला माणूस. मी काकूंकडे पाहिलं. उठून जायला तिथे स्वयंपाकघर नव्हतं. गोळी सुटली. मागून दोन-चार जणांनी टाळ्या वाजवल्या आणि जोगळेकर स्पष्ट ऐकू येईल असं म्हणाले, "फितुराला दुसरी शिक्षा नाही."

काकू उभ्या राहिल्या. "जोगळेकर, जरा थांबवता का?" सिनेमा थांबला. दिवे लागले.

"फितूर," त्या म्हणाल्या. "हा शब्द मला सासूबाईंनी शिकवला. चांगला शब्द आहे, एका फटक्यात माणूस संपतोय त्याच्यात. माझ्या आजीचा, आईच्या आईचा, भाऊ होता, डॅनी. दुधाचे कॅन घोडागाडीतनं डेअरीला न्यायचा. घोड्याचं नाव त्यानं बिशप ठेवलं होतं, कारण तो कोणाचंच ऐकायचा नाही. एकदा गाडीचं चाक चिखलात रुतलं आणि रस्त्यानं जाणाऱ्या पोलिसानं हात लावून काढून दिलं. पुढच्या आठवड्यात गावातल्या एका घरावर धाड पडली. डॅनीला संध्याकाळी घरातनं नेलं. नेणारे गावचेच. आजीनं त्यांना आवाजावरनं ओळखलं."

काकू आता सगळ्या खोलीकडे वळल्या.

"आमच्याकडं माणूस गेलं की सगळं गाव रात्रभर घरी येऊन बसतंय. आजीनं शेजारनं मागून कपबशा आणल्या होत्या. कोणी आलं नाही. सकाळी तिनं त्या तशाच परत नेऊन दिल्या."

जोगळेकरांचा आवाज आता खाली आला होता. "पण काकू, त्यांनी… म्हणजे, खबर दिली होती का?"

"माहीत नाही," काकू म्हणाल्या. "आजीला पण माहीत नव्हतं. दिली असेल. चाक काढून देणाऱ्याशी माणूस दोन शब्द बोलतोच की. आणि हे बघा, लढ्याच्या विरुद्ध नाही मी. इंग्रज गेले ते बरंच झालं. माझ्या वडिलांचे वडील त्याच डोंगरातल्या टोळीत होते. डॅनीला न्यायला आलेल्यांत ते होते का, हे आमच्या घरात कोणी विचारलं नाही."

मग त्या म्हणाल्या, "आमच्या गावात एक बेकरीवाला होता. मी लहान असताना मला रोज पाव आणायला पाठवायचे. तो मला एक गोड पाव वर द्यायचा. फार चांगला माणूस. मी लंडनला निघाले तेव्हा आजीनं सांगितलं, त्या संध्याकाळी दारात पहिला आवाज त्याचा होता. आणि तो चांगलाच माणूस होता हो, तेच तर अवघड आहे. सिनेमा गोळीपाशी संपतोय. गाव संपत नाही. दुसऱ्या दिवशी पाव त्याच्याकडनंच आणायचा असतोय. तेवढं कोणी दाखवत नाही." आणि बसल्या. "लावा आता पुढं."

सिनेमा पुढे लागला नाही. लोक खुर्च्या सरकवून त्यांच्याभोवती बसले. जोगळेकर स्वतः चहा घेऊन आले आणि खाली वाकून काहीतरी बोलले. काकूंनी त्यांच्या हातावर थोपटलं. त्यानंतर ते दर महिन्याला काकूंकडे यायला लागले, आणि दोघं सिनेमावर जोरजोरात वाद घालायचे. काकू त्यांच्यावर खूश असायच्या. "शिकतोय हळूहळू," म्हणायच्या. जोगळेकर साठीचे होते.

त्यानंतर वर्षभराने डब्लिनहून निरोप आला. त्यांच्या गावावर एक माहितीपट करत होते आणि डॅनीबद्दल थेट आजीकडून ऐकलेलं जिवंत माणूस आता एकच उरलं होतं. काकू आठवडाभर ठरवू शकल्या नाहीत. इस्त्री केलेले कपडे पुन्हा इस्त्री करत बसायच्या. शेवटी म्हणाल्या, "बोलते. नाहीतर त्याचं नाव माझ्याबरोबर जाईल."

लॅपटॉप मी लावून दिला आणि दारापाशी बसले. दिग्दर्शिका तरुण, नम्र मुलगी होती. काकू डॅनीबद्दल छान बोलल्या. तो कसा बेसूर गायचा, बहिणीला जत्रेला कसा न्यायचा. मग ती मुलगी म्हणाली, "त्याला कोणी नेलं, ते तुम्हाला ठाऊक आहे. शंभर वर्षं होऊन गेली. ती नावं आली तर आमचा सिनेमा पूर्ण होईल."

काकूंनी चष्मा काढून पुसला. "तुमचा सिनेमा पूर्ण होईल, बाळ," त्या म्हणाल्या. "माझं गाव परत अर्धं होईल."

त्या मुलीने आणखी दोन वेळा, वेगवेगळ्या तऱ्हेने विचारलं. काकू दोन्ही वेळा घोड्याबद्दल बोलल्या.

माहितीपटात त्या जेमतेम दोन-तीन मिनिटं दिसल्या. खाली नाव आलं, नोरा कुलकर्णी, सिंगापूर. सानिका ओरडली, "काकू फेमस ऑलरेडी!" तिकडे त्यांच्या गावातल्या सभागृहात तो दाखवला, आणि दोन दिवसांनी सकाळी काकूंनी माझं दार वाजवलं. केस विंचरलेले नव्हते. तसं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"मॉराचा फोन आला होता," त्या म्हणाल्या. मॉरा म्हणजे त्या बेकरीवाल्याची नात, सत्तरीची. दुकान आता तीच बघते. "म्हणाली, 'माझे आजोबा त्या संध्याकाळी घरी नव्हते. एवढंच मला माहीत आहे.' मी म्हटलं, 'बरं.' मग तिनं विचारलं, तुझे गुडघे कसे आहेत. अर्धा तास गुडघ्यांवरच बोललो बघ."

"डॅनीबद्दल काहीच नाही?"

"आणि काय बोलायचं ग? तिला माहिताय. मला माहिताय. आता दोघींना माहिताय की दोघींना माहिताय." आणि माझ्याच सोफ्यावर बसून त्या रडल्या. हुंदके देऊन, लहान मुलीसारख्या. मी त्यांच्यासाठी चहा केला नाही. शेजारी बसून राहिले.

त्या उन्हाळ्यात काकू गावाला गेल्या. अरुणचा सक्त विरोध होता. ऐंशी उलटलेल्या बाईने एवढा प्रवास करायचा म्हणजे काय! "मेले तर मेले. विमानात जागेवर जेवायला देतात, अजून काय पाहिजे," म्हणाल्या. हॉटेलात न उतरता त्या मॉराकडेच राहिल्या. डॅनीच्या थडग्यावर दगड नव्हता, तो दोघींनी मिळून बसवला. त्या रविवारी चर्चमध्ये पाद्र्याने गावातल्या गेलेल्यांची नावं वाचली त्यात डॅनीचं नाव घेतलं. काही लोक उठून निघून गेले. "गेले ना. जाऊ दे," काकू मला परत आल्यावर सांगत होत्या. "त्यांच्या पण आज्या होत्या." पण संध्याकाळी मॉराच्या स्वयंपाकघरात बसायला जागा उरली नाही, इतके लोक आले. काकूंना त्यांतले बरेचसे ओळखूही आले नाहीत. त्यांना बापांच्या नाकांवरून ओळखावं लागलं.

परत आल्या त्या वाळलेल्या, पण हलक्या झालेल्या. शनिवारचे सिनेमे पुन्हा सुरू झाले. आता त्या मधेच उठत नसत. तो प्रसंग आला की पडद्याकडे सरळ बघायच्या आणि नट कसा आहे ते सांगायच्या. "हा बरा आहे. ह्याला भीती खरी वाटतीय."

पुढच्या फेब्रुवारीत काकू गेल्या. हॉस्पिटलात तीन-चार दिवस, फार हाल न होता. अरुण पर्थहून आला. जोगळेकर चार दिवस रजा टाकून त्याच्याबरोबर धावपळ करत होते, आणि दहनाच्या वेळी विष्णुसहस्रनाम म्हणता म्हणता मधेच त्यांचा आवाज बसला. पुढचं सानिकाने म्हटलं. ते तिला काकूंनीच शिकवलं होतं.

अरुणने मला सांगितलं, मॉराला तुम्हीच कळवा, माझ्याच्याने नाही होणार. दुपारी मी फोन लावला. तिकडे सकाळ होती, दुकान उघडायची वेळ. मागे पत्र्याचे ट्रे आपटल्याचे आवाज येत होते. मी सांगितलं. ट्रे थांबले. तिने काय झालं, कसं झालं ते विचारलं, त्रास झाला का ते विचारलं. मग म्हणाली, "आणि तुम्ही नोराच्या कोण?"

नात्याची मी कोणी नव्हते.

"शेजारीण," मी म्हटलं.

मग ती म्हणाली, "मी पण."