बिबट्याच्या कॅमेऱ्यातला रस्ता

व्हिडिओला गाणं जोडलेलं होतं. ढोल, ताशा आणि मधे मधे सिंहाची डरकाळी. पडद्यावर एक जेसीबी शेतरस्त्यावर आडवी चारी खणत होता. बकेट जमिनीत घुसली की चित्र स्लो मोशनमध्ये जायचं.

"हे गाणं कुणी टाकलं?" मी विचारलं.

"मीच की," सुदामभाऊ म्हणाले. "ॲप हाय मोबाईलमधी. नुसता व्हिडिओ कोण बघतंय, म्याडम? आता समद्या गावानं बघितला."

मी नारायणगावात राहते. जुन्नर आणि घोडेगाव या दोन्ही कोर्टांत माझी वकिली चालते. सुदाम भालेराव माझे पक्षकार. कळंबच्या बाजूला त्यांचं शेत, तिथेच घर आणि गोठा. डांबरी सडकेवरून घरापर्यंत जुना गाडीरस्ता होता. तो शेजाऱ्याच्या बांधाकडेने जायचा. शेजाऱ्याने एका सकाळी तो खणून टाकला. तेव्हापासून दुधाची पिकअप घरापर्यंत येईना. सुदामभाऊंच्या पत्नी रंजनाताई दुधाचे कॅन डोक्यावर घेऊन ओढा ओलांडायच्या. आणि सुदामभाऊंच्या आईला दवाखान्यात न्यायचं तर प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी उचलायचं.

नशीब एवढंच, की गोठ्यावर कॅमेरा होता. बिबट्या येतो म्हणून बसवलेला. त्याचं तोंड नेमकं रस्त्याकडे.

मी पहिल्याच भेटीत बजावलं होतं, "कॅमेऱ्याचा डीव्हीआर बंद करा आणि तसाच माझ्याकडे आणा." डीव्हीआर म्हणजे चित्रण साठवणारा डबा. त्यातली हार्ड डिस्क भरली की तो जुनं पुसतो आणि त्यावर नवं लिहितो. तो चालू ठेवला, तर पुरावा आपोआप मरतो. सुदामभाऊंनी मान डोलावली, घरी गेले, टीव्हीवर लावलेलं चित्रण मोबाईलने शूट केलं आणि त्याला गाणं जोडलं. डबा काही आणला नाही.

आम्ही दावा लावला. सोबत मनाईचा अर्ज, म्हणजे दाव्याचा निकाल लागेपर्यंत रस्ता खुला ठेवा अशी मागणी. समोरच्या वकिलांनी त्यांचं म्हणणं दिलं. इथे रस्ता कधी नव्हताच, चारी आमच्याच जमिनीत खणली आहे आणि वादीने बनावट व्हिडिओ तयार करून गावभर बदनामी चालवली आहे. कोर्टात त्यांनी आपल्या मोबाईलवर तो व्हिडिओ लावला. डरकाळी घुमली. मागच्या बाकांवर लोक हसले.

जजसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "मूळ चित्रण कुठे आहे? कलम त्रेसष्टचं सर्टिफिकेट?"

मी तारीख मागून घेतली आणि बाहेर व्हरांड्यात येऊन सुदामभाऊंना गाठलं.

"डबा का नाही आणला?"

"आवो, बंद कसा करायचा? परवा वासरू नेलं बिबट्यानं शेजारच्या वाडीतनं."

"म्हणजे तो अजून चालूच आहे?"

"चालूच की."

मी कपाळाला हात लावला. गाडी काढली आणि थेट त्यांच्या घराकडे निघाले. सडकेवर गाडी लावून ओढ्यातून चालत गेले. साडीच्या निऱ्या चिखलाने भरल्या. रंजनाताईंनी पाय धुवायला पाणी दिलं. घरात डीव्हीआर होता, पण त्याच्या समोर बसून मी कितीही मागे गेले तरी जेसीबी दिसेना.

"आता आठवलं," सुदामभाऊ म्हणाले. "डिस्क नवी टाकलीय. तुमीच म्हणला व्हता ना, जागा संपली की पुसतंय? म्हणून मोठी बसवून आणली आळेफाट्यावरनं."

"आणि जुनी?"

"ती दुकानदाराला देऊन टाकली. आपल्याला काय कामाची?"

रंजनाताई दाराशी उभ्या होत्या. त्या नवऱ्याला इतकंच म्हणाल्या, "मी रोज वढ्यातनं दूध नेती आन् तुमी डिस्क वाटीत फिरता व्हय?"

मी सुदामभाऊंना गाडीत बसवलं आणि आळेफाटा गाठला. दुकानदार वसीमभाई एका ढाब्याचे कॅमेरे जोडायला निघाले होते. तिथे बसवायला जुन्या डिस्क पिशवीत भरलेल्या होत्या. नव्या डीव्हीआरमध्ये घातल्या की त्या फॉरमॅट होणार, म्हणजे कोऱ्या. मी पिशवी धरूनच ठेवली.

"मॅडम, सगळ्या सारख्याच दिसतात," वसीमभाई वैतागले. "यांची कुठली, कसं सांगू?"

एकेक लावून बघितली. ढाबा, पेट्रोल पंप, कुणाची तरी कांद्याची चाळ. मग गोठा दिसला. त्या सकाळचा जेसीबी दिसला, गाण्याशिवाय. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आधीच्या दिवसांत रोज सकाळी त्याच रस्त्याने येणारी दुधाची पिकअपही दिसली.

"बघा!" सुदामभाऊ म्हणाले. "मी बदलली म्हणून वाचली. न्हाईतर पुसली असती का न्हाई?"

ते बरोबर बोलत होते. त्याचाच मला जास्त राग आला.

पुढचं काम कलम त्रेसष्टच्या सर्टिफिकेटचं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुरावा अस्सल असल्याच्या दाखल्याचं. नव्या साक्ष कायद्यात त्याचे दोन भाग आहेत. पहिला, यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा. दुसरा, तज्ज्ञाने. शिवाय फाइलची हॅश व्हॅल्यू द्यावी लागते. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा समजा. आत एक कण बदलला तरी ठसा बदलतो. तज्ज्ञ नेमकं कोणाला म्हणायचं, यावर आमच्या बाररूममध्ये एकमत नाही. वसीमभाईंनी आधीच हात जोडले होते, "मला कोर्टात ओढू नका." डिस्क कोणाची, कधी काढली आणि कुठे ठेवली, एवढं प्रतिज्ञापत्र द्यायला ते चहा पिऊन तयार झाले. तज्ज्ञ म्हणून मी पुण्याचा कॉम्प्युटर इंजिनिअर गाठला. तो येईपर्यंत डिस्क माझ्या कपाटात कुलूप लावून ठेवली. सुदामभाऊ दोनदा विचारायला आले, ती जरा घरी नेऊन पाव्हण्यांना दाखवू का म्हणून.

पुढच्या तारखेला चित्रण लॅपटॉपवर लावलं. समोरचे वकील म्हणाले, "सर, तिथे रस्ता नव्हताच."

जजसाहेबांनी पडद्यावरून नजर न हलवता विचारलं, "मग ही पिकअप कशावरून चालली आहे, वकीलसाहेब?"

हुकूम झाला. चारी बुजवा, रस्ता पूर्ववत करा, दाव्याचा निकाल लागेपर्यंत अडथळा करू नका. समोरच्यांनी अपील करणार असं सांगितलं. चारी मात्र बुजवली. रंजनाताईंचा फोन आला तेव्हा मागे पिकअपचं इंजिन ऐकू येत होतं. "आईंना पुढच्या सीटवर बसवून नेलं," त्या म्हणाल्या.

हल्ली नवे वकील मला नव्या कायद्यांबद्दल विचारतात. मी सांगते, कलमांचे नंबर पाठ होतात, फॉर्मही भरता येतात. पण पक्षकाराने पुराव्याचं नाव काढलं की त्याला घरी पाठवू नका. त्याच्याबरोबर स्वतः जा आणि मूळ यंत्र पावती देऊन ताब्यात घ्या. तो मान डोलावतो, याचा अर्थ त्याला समजलं असा नसतो.