साडूंचं धूरशास्त्र

अख्ख्या वऱ्हाडात धुराची नाडी ओळखणारा एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझा मोठा साडू आहे. कधी वरूडची संत्री, कधी कापूस आपल्या जुन्या ट्रकमधून अकोल्याला नेता नेता त्यांना ही विद्या साधली. पांढरा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही, निळा म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे हवा कमी पडतेय. हा न्याय ते ट्रकपुरता ठेवते तर बरं होतं. माझ्या पुतणीच्या लग्नात ऐन होमात त्यांनी भटजींना अडवलं, "महाराज, हवा कमी पडून राहिली, लाकडं मोकळी करा!" डोळे चोळत मंत्र म्हणणाऱ्या भटजींनी मुकाट्याने लाकडं सरकवली. ताईंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, सरणापुढे मात्र हाच माणूस धुराकडे पाठ करून उभा राहिला.

पुढच्या वर्षी त्यांचा ट्रकच काळा धूर ओकू लागला. साध्या चढावर दम टाकायचा. साडूंनी डिझेल फिल्टर बदलला, नोझल साफ करवले, पंप उतरवला, धूर तसाच. फिटनेसची तपासणी तोंडावर आलेली. नापास झाला की गाडी भंगारात, आणि गाडी गेली की साडूंचं काय उरणार, या धास्तीने मी अमरावतीहून धावलो. मला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही, पण त्यांचाच धडा पाठ होता. म्हटलं, "भाऊ, काळा धूर म्हणजे हवा ना? मग हवेचं तोंड पाहिलं का?" ते टायर ठोकून पाहू लागले. मीच बॉनेट उघडायला लावलं. हवेच्या नळीवर ताईंच्या जुन्या पातळाचा तुकडा, धुळीने आणि कापसाच्या तंतूंनी गच्च झालेला. कापसाच्या हंगामात कचरा आत जाऊ नये म्हणून ताई तो बांधायच्या, मधूनमधून सोडून धुवायच्या. त्या गेल्यावर कोणी हातच लावला नव्हता.

"मले मालूम हाय, पाहुने," साडू म्हणाले. "तिनं बांधेल हाय थे. सोडली तं तशी गाठ पुन्हा कोन मारन?"

मला रागही आला आणि रडूही. शेवटी त्यांनीच ती सोडली. कापू दिली नाही. नखांनी उकलत दुपार घालवली.

ट्रक पास झाला. धूर गेला, चढ आता सहज चढतो. तरी साडू तो बैलगाडीच्या चालीनेच हाकतात. परवा अकोल्याहून त्यांच्यासोबत येताना मी वैतागून म्हटलं, "भाऊ, रस्ता मोकळा आहे, जरा दाबा की."

"दाबतो ना," ते म्हणाले. "पन लवकर घरी जाऊन बसू कोनापाशी?"