गाडी चुकली, अण्णा

परभणी स्टेशनावर गाडी सुटायची वेळ झाली तेव्हा इतरांचे बाप खिडकीतून पाण्याची बाटली देत होते आणि माझे अण्णा मला कोडं घालत होते. "जिंतूरहून आलेल्या एसटीत जेवढे बसलेले होते, बोरीला तेवढेच आणखी चढले. झरीला निम्मे उतरले, तिघं चढले. आता पंधरा हायेत. बोरीला किती चढले, सांग." मागून आई म्हणाली, "आज तरी लेकराला सोडा की हो." मी जर्मनीला निघाले होते. घरातलं कुणी कधी हैदराबादच्या पुढं गेलेलं नव्हतं.

आमच्या घरात कोड्याचं उत्तर सांगायची रीत नाही. उत्तर आलं की त्याच उत्तराचं दुसरं कोडं रचून घालायचं, आणि तो आकडा तोंडातून सांडू द्यायचा नाही. मी रडत रडत म्हणाले, "एका संख्येची दुप्पट केली काय आणि तिच्यात बारा मिळवले काय, सारखंच." अण्णा हसले. "सांडलं की गं उत्तर!" गाडी हलली तसे ते खिडकीबरोबर चालायला लागले. "घाबरू नको, माय. मुलूख बदलंल, माणसं बदलतील, आकडे न्हाई बदलत."

अण्णा बोरीला शाळामास्तर होते. ते आणि चारठाण्याला दिलेली माझी मोठी आत्या, दोघं बहीणभाऊ लहानपणी आजोबांसमोर पावकी-दिडकी म्हणत वाढले. तिथूनच हा खेळ घरात शिरला. जेवताना कोडं फिरायचं. कुणाचं कोडं भलत्याच आकड्यावर गेलं की बाकीच्यांनी एका सुरात "गाडी चुकली!" म्हणून ओरडायचं, आणि ज्याची चुकली त्यानं सगळ्यांची ताटं उचलायची. माझी गाडी इतक्यांदा चुकायची की आई म्हणायची, हिला सासरी काही जड जाणार नाही. अण्णांची मात्र कधीच चुकली नाही. त्यांनी ताट उचललेलं मी पाहिलेलं नाही.

इकडे आल्यावर मला सगळ्याचीच भीती वाटायची. पत्रपेटी उघडायची, दाराची बेल वाजायची, रविवारच्या त्या मुकाट रस्त्यांची. डॉक्टरकडे जायचं तर आधी टर्मिन घ्या, म्हणजे वेळ ठरवून घ्या. आणि ती फोनवर जर्मनमध्ये मागायची म्हटलं की मी नंबर लावून पलीकडून कुणी उचलायच्या आत ठेवून द्यायची. धीर आला तो आकड्यांनी. ही माणसंही एकवीस म्हणताना आधी एक म्हणतात आणि मग वीस, अगदी आपल्यासारखं. ते कळलं त्या दिवशी परक्या गावात सोयरं भेटल्यासारखं झालं. आणि अण्णा, आत्या आणि मी असा तिघांचा फोनवर ग्रुप होताच; कोडी त्यात बोलून पाठवायची. कंपनीच्या कँटीनमध्ये कानाला फोन लावून मी बोरीचं कोडं ऐकायची आणि जेवणाची सुट्टी संपायच्या आत तिघांची फेरी पुरी व्हायची. तुम्ही माझ्यासारखे लांब आला असाल, तर तुमचंही असं काहीतरी असेल, ज्याच्या भरवशावर दिवस ढकलला जातो.

गेल्या उन्हाळ्यात तो भरवसा हलला. मी कोडं घातलं होतं: मेथीच्या काही जुड्या, निम्म्या विकल्या, उरल्या त्यातला तिसरा हिस्सा घरी ठेवला, हातात सहा राहिल्या. उत्तर अठरा. अण्णांचं कोडं आलं: "शेतातल्या आखाड्यावर शेळ्या-कोंबड्या मिळून वीस डोकी, अठ्ठेचाळीस पाय. कोंबड्या किती?" मी सोडवलं. सोळा आल्या. पुन्हा सोडवलं, सोळाच. चव्वेचाळीस पाय म्हणायचे होते त्यांना.

एवढ्याशा चुकीला कुणी घाबरतं का? मी घाबरले. आजीचं असंच सुरू झालं होतं. आधी वरणात दोनदा मीठ, मग शेजारणीचं नाव, आणि शेवटी अण्णांनाच ती "कोण पाव्हणे?" म्हणून विचारायची. हातातला काटा-चमचा खाली ठेवून मी आत्याची वाट पाहायला लागले. ती ओरडेल "गाडी चुकली," आपण हसू, अण्णा म्हणतील चष्मा नव्हता.

आत्याचा आवाज आला. "पोत्यातली निम्मी ज्वारी दळली, पाव पाव्हण्याला दिली. बारा पायल्या संपल्या. पोत्यात किती होती?" सोळा. म्हणजे तिनं अण्णांची चूक पाहिली होती आणि गपचूप त्याच आकड्यावर आपलं कोडं बसवलं होतं. ते ऐकून मी जास्तच घाबरले, कारण एवढ्या सफाईनं माणूस पहिल्याच वेळी झाकत नाही.

मी तिला वेगळा फोन लावला. "तू नव्हतीस कामाच्या गडबडीत ध्यान देत," आत्या म्हणाली. "लय दिसांपासून व्हायलंय असं. त्याचं मन मोडंल म्हणून मी सांभाळून घ्यायले. तू बी तसंच कर, बाई. आकड्यापायी माणूस दुखवायचा का?"

तिचं काही चुकत नव्हतं. सोळाचं कोडं रचायला मला दोन मिनिटं लागली नसती. पण मग उद्या पंधराचं, परवा आणखी कशाचं, आणि एक दिवस अण्णा काहीही बोलतील आणि आम्ही दोघी माना डोलावू, आजीसमोर डोलावायचो तशा. ते डोळ्यांसमोर आलं आणि मला तिथं बसवेना. बाहेर सायकली लावतात तिथं जाऊन मी फोन तोंडाशी धरला. "अण्णा, गाडी चुकली."

उत्तर येईना. त्यांनी ऐकल्याची निळी खूण दिसत होती. दुपारभर मी मशीनसमोर नुसती उभी होते. हे मी काय केलं, या वयात बापाला हे ऐकवायचं होतं का, असं वाटून वाटून रडू येत होतं.

संध्याकाळी घराच्या पायऱ्या चढताना आवाज आला. अण्णा हळू बोलत होते. "मला ठावं होतं, माय. रातीला मीच माझी कोडी पुन्हा ऐकतो. चुकलेली सापडतात. पण कुणीच काही बोलंना. मला वाटलं, आता मला खेळात धरायलेच न्हाईत. लय भ्या वाटायलं होतं." मग घसा खाकरून म्हणाले, "मंगळवारी परभणीला डॉक्टरकडं जायलोय. तुझी आई संग हाय."

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत आणि पुढचं कुणीच खात्रीनं सांगत नाही. माझी भीती गेलेली नाही. रोज कोडं आलं की आधी मागचा आकडा पुन्हा मोजून घेते, मगच मी ऐकते. पण त्या संध्याकाळी त्यांच्या बोलण्यानंतर काही वेळ नुसती खडखड ऐकू येत होती. फोन चालू ठेवून अण्णा काहीतरी करत होते. मागून आई हसत होती, "अहो, पेला राहिला, तो कोण उचलंल?" तेव्हा मला कळलं. बोरीच्या घरात अण्णा ताटं उचलत होते.

मला घराची आठवण आली की मी तेवढंच ऐकते. बोरी आता माझ्यापुरती त्या खडखडीत आहे.