मुशीचं तेल आणि वकिलांची मोटार

चेंदणी कोळीवाड्यातला दामाजी मोटार चालवायला कधीच शिकला नाही. तरी नौपाड्यातल्या अण्णा वकिलांची मोटार आठ वर्षं त्याच्याच ताब्यात होती.

गुडघा मोडून त्याचं खाडीवर जाणं सुटलं, तेव्हा अण्णांनी त्याला बंगल्यावर ठेवून घेतलं. त्याच साली, १९४६मध्ये, त्यांनी एका संस्थानिकाकडून ही विलायती मोटार घेतली. लांबलचक, दुधी रंगाची, मागे दुमडणाऱ्या छपराची, आत लाल चामड्याच्या गाद्या. अण्णा एकदा तीत बसून खडवलीला जाऊन आले आणि पाठ दुखते म्हणून पुन्हा बसले नाहीत.

"मोटार सांभाळ," एवढंच ते दामाजीला म्हणाले. कशी, ते सांगायचं राहिलं.

दामाजीला होडी सांभाळता येत होती. ज्येष्ठात त्याने मोटार ओंडक्यांवर चढवली, खालून सगळ्या लोखंडाला मुशीचं, म्हणजे शार्क माशाचं, तेल चोपडलं आणि वरून माडाचे झाप घातले. नारळी पौर्णिमेला तिच्यापुढे नारळ ठेवला, मग झाप काढले. दर वर्षी हेच. अण्णांना वास येई, पण ते खिडकी लावून घेत.

१९५३मध्ये अण्णा गेले. त्यांच्या पत्नी विमलाबाईंना श्रावण संपायच्या आत बंगला सोडून मुलाकडे पुण्याला जायचं होतं. इंग्रजी पेपरात जाहिरात गेली : जुनी, उत्तम जतन केलेली, शौकिनांसाठी. कल्याणचा भंगारवाला मात्र जाहिरात न वाचताच दोनदा फाटकातून डोकावून गेला. दामाजीने दोन्ही वेळा फाटकाला कडी घातली.

पहिले दोन शौकीन नाकाला रुमाल लावून परत गेले.

"दामाजी, तेल बंद," विमलाबाई म्हणाल्या. "तिसरा गेला तर मी भंगारवाल्याला हाक मारणार."

"भर पावसात, बाय?"

"भर पावसात."

तिसरे आले ते मुंबईचे खुर्शेदजी. पांढरा सूट, हातात छत्री.

"बाई, तुमची गाडी वास मारते."

"फिनेल आहे," विमलाबाई घाईने म्हणाल्या.

"मुशीचा तेल हाय," दामाजी म्हणाला. त्याच्या तेलाला कोणी फिनेल म्हणावं, हे त्याला सोसलं नाही. "होडीला लावतात ना, तोच."

विमलाबाईंनी डोळे मिटले. खुर्शेदजींनी छत्री मिटली, चटई मागितली आणि पांढऱ्या सुटासकट मोटारीखाली शिरले. बराच वेळ नुसते बूट दिसत होते.

"किती पावसाळे?" खालून आवाज आला.

"ह्यो आठवा."

"गंज कुठे आहे?"

"गंज? कशाला येल?"

खुर्शेदजी बाहेर आले. सूट तेलाने माखला होता. "घेतली. आजच नेतो. ड्रायव्हर आणलाय."

विमलाबाईंचा जीव भांड्यात पडला. दामाजी ओंडक्यांसमोर उभा राहिला.

"आज नाय. पुनवेला आठ दिस हायेत. नारल दिल्याबिगर नाय सोडत आमी."

"अरे, ही मोटार आहे!" विमलाबाई म्हणाल्या. "भंगारवाल्याचं विसरलास?"

दामाजी विसरला नव्हता. पण तो हलला नाही.

खुर्शेदजींनी बाहीचा वास घेतला. "आठ वर्षं याने सांभाळली, बाई. आठ दिवस आपण थांबू. पण बावा, आणखी तेल नको."

पौर्णिमेला दामाजीने खाडीत नारळ सोडला आणि मग ओंडके काढले. खुर्शेदजींनी त्याला चेंदणीच्या वळणापर्यंत पुढे बसवून नेलं. मोटारीत बसायची त्याची ती पहिलीच वेळ. उतरताना त्याने विचारलं, "तुमच्या घराकरनं दर्या दिसतो?"

"समोरच आहे."

दामाजीने पिशवीतून तेलाचा डबा काढून गादीखाली सरकवला.

पुढच्या ज्येष्ठात मुंबईहून खुर्शेदजींचं कार्ड आलं. दामाजीच्या मुलीने, शालूने, वाचून दाखवलं : डबा संपला आहे.

"आता कलवतात!" दामाजी चिडून म्हणाला. "पाऊस तोंडावर आला!" आणि पागोटं शोधत तो बंदराकडे मुशी बघायला निघाला.